बोगदा संपेना

दिवा राहू दे, आणि दात काढू नका. माझ्या सख्ख्या मावसभावाच्या बाबतीत घडलंय हे. टीव्हीच्या चॅनेलवर संकलक आहे तो.

आगगाडीचा अख्खा लांबचा प्रवास, इंजिनाच्या काचेतून, रात्रंदिवस दाखवायचा असा कार्यक्रम. ना निवेदन, ना गाणी. एक क्षणही कापलेला नाही अशी जाहिरात. गेल्या डिसेंबरातल्या शेवटच्या सोमवारी रात्री त्याला कामही किरकोळ होतं. प्रक्षेपण नीट चाललंय का, ते बघत बसायचं.

कापलेला नाही म्हणे! यानंच कापला होता. चित्रीकरणाच्या वेळी चॅनेलचा साहेब इंजिनात चढला आणि चालकाला म्हणाला, "इकडे बघा ना जरा, हसा." चालकानं मान वळवली. समोर एक गँगमन लाल झेंडी हलवत उभा होता. पुढे रूळ तडकला होता, म्हणून हटला नाही. उशिरा का होईना, ब्रेक लागले. गाडी वाचली, तो गेला.

आणि ठपका कुणावर? त्याच्यावरच! दारू पिऊन रुळांवर आला म्हणे. हलकट लेकाचे! त्याच्या पोरीला शाळेत दारुड्याची पोर म्हणू लागले. आमचे बंधुराज मात्र नोकरीपायी मूग गिळून बसले. तेवढा प्रसंग कापून शेजारच्या बोगद्याच्या काळोखात त्यानं जोड बेमालूम बसवला. मूळ चित्रण साहेबानं पुसून टाकलं.

रात्री दोनला पडद्यावर तो बोगदा आला. अर्ध्या मिनिटाचा. काळोख. खडखडाट. मिनिट झालं... दोन झाली... बोगदा संपेना. यानं बटणं दाबली. काही नाही. खडखडाट थांबला. आणि त्या काळोखातून साहेबाचा आवाज...

"इकडे बघा ना जरा... हसा."

पुसलेला आवाज रे तो!

मानेवर गार श्वास. मागे बघायची छाती होईना...

मग उजेड. रूळ. गाडी आपली चाललेली.

तेवढ्यात चॅनेलचा फोन वाजला. गँगमनची बायको होती.

"दादा, फार उपकार झाले. सगळी वस्ती जागी होती. सगळ्यांनी यांची झेंडी पाहिली. आता पोरीला कुणी बोलणार नाही."

याला रडूच फुटलं.

"पण आता तुमची खोली कशाला दाखवताय?"

"कुठली खोली?"

"निळा स्वेटर घालून खुर्चीत बसलेले, ते तुम्हीच ना? फोन कानाला लावून?"

तो अंगातल्या स्वेटरकडे बघत राहिला.

"...हे तुमच्या मागे उभे आहेत. इतकी वर्षं संसार केला, दादा. इतकं चिडलेलं मी यांना कधी पाहिलं नाही."