भाताच्या मोराचा पिसारा

"मोर जागेवर आहे हो, पण दाणे गेले!" हेडमास्तर अंबाजीराव दारातूनच ओरडले आणि सोपानची सुई बोटात घुसली.

सोपान लोणावळ्याचा शिंपी. त्याच्या दुकानाच्या माडीवर दत्तोबा राहत. रेल्वे पोलिसातून निवृत्त झाल्यापासून ते लोकांची कोडी सोडवत आणि दर वेळी सोपानला बरोबर नेत. सोपानने आजवर एकही कोडं सोडवलं नव्हतं. पण समोर कुणी गोंधळलेलं असल्याशिवाय दत्तोबांचं डोकं चालत नसे, त्याला कोण काय करणार!

दिवस सन चौतीसचे, दिवाळी नुकतीच सरलेली. अंबाजीराव दोन महिन्यांपूर्वीच पुण्याहून कामशेतजवळच्या एका शाळेत बदलून आले होते. उद्या, मंगळवारी, शाळेचं स्नेहसंमेलन. यंदा कागदी फुलं नकोत, नव्या भाताच्या लोंब्यांचा पुरुषभर उंच मोर करू, ही कल्पना निजामची. निजाम ताबूत घडवणारा कारागीर. आंदर मावळातल्या घराघरांतून मुलांनी लोंब्या आणून दिल्या होत्या.

"शनिवारी दुपारी मोर पुरा झाला," अंबाजीराव सांगू लागले. "चिकटवायला सरस वापरलेला. काय तो वास! आठवला तरी डोकं उठतं. निजाम पोतं खांद्यावर टाकून गेला. त्याच्यामागे मी खिडक्या लावल्या, दाराला कुलूप घातलं. किल्ली माझ्याच खिशात. आज सकाळी शाळेच्या झाडूवाल्या सरुबाईला झाडायला दिली. दहा वाजता पाहतो तर मोर नागवा!"

"म्हणजे चोर निजाम?" माडीवरून उतरलेल्या दत्तोबांनी विचारलं.

"दुसरं कोण? पोत्यात पेंढा होता म्हणतो. सगळ्या गावासमोर मी त्याला चोर म्हणालो. देवाला दाखवायच्या आधी नवं पीक चोरलं म्हणून गाव खवळलंय. गावचे वडीलधारे भिमाजी आबा म्हणाले, संध्याकाळपर्यंत खरं-खोटं करा. नाहीतर मोहरमचा ताबूत यापुढे त्याच्याकडून घडवून घ्यायचा नाही."

दत्तोबांनी टोपी घातली. ताबूत हिरावला की त्या माणसाकडे उरलं काय, एवढं सोपानलाही कळलं.

शाळेची मोठी खोली लांबट होती. मधोमध बांबूच्या सांगाड्यावर मोर उभा. सोपानने शिंप्याच्या नजरेनं पिसारा चाचपला आणि तो चक्रावला. लोंब्या जागच्या जागी होत्या, बांधलेला दोरा कुठेच तुटला नव्हता. फक्त दाणे नव्हते. "दत्तोबा, चोरानं एकेक दाणा ओरबाडला की काय? लोंब्याच कापून न्यायच्या ना!"

"लाख बोललास. आणखी?"

"मोराच्या डोक्यावर पांढरा टिळा आहे. दारावरचं तोरणही लोंब्यांचंच, पण ते भरलेलं. त्याला चोरानं हात लावला नाही. मला काहीच उमगत नाही."

"वास घे बघू."

"कसला?"

"तेच विचारतोय."

सोपानने नाक फुगवलं. "कसलाच येत नाही."

"हो ना," दत्तोबा म्हणाले आणि छताजवळच्या झरोक्याकडे बघत राहिले. झरोक्याचं झापड बंद होतं, त्याची दोरी भिंतीवरून खाली लोंबत होती.

"तिकडे काय बघता?" अंबाजीराव वैतागले. "वीतभर झरोका तो. त्यातून मांजरसुद्धा यायचं नाही."

दत्तोबांनी एकेकाला बोलावलं. पहिले आले ड्रॉइंग मास्तर हौशीराम, गाल फुगवून. "मी पुण्याचा रंगीत कागद सुचवला होता. पण आमचं कोण ऐकतं? मोर उघडा पडला, बरंच झालं! मात्र मी शनिवारी दुपारीच सोमाटण्याला मेव्हण्याकडे गेलो, तो आज परत आलो. खुशाल विचारा."

मग निजाम आला. डोळे लाल, आवाज बसलेला. "साहेब, पोत्यात पेंढाच व्हता. शेळीनं निम्मा खाल्ला, निम्मा अजून दारात पडलाय."

"मोराला टिळा तुम्ही लावलात?" दत्तोबांनी विचारलं.

"न्हाई जी. मोराला टिळा कशापायी?"

"आणि दारावरचं तोरण?"

"त्यो डोंगरातला कुसळाचा भात. लय टोचतो. मोराला बिनकुसळाचा घेतला, लेकरांची बोटं सोलायला नकोत म्हणून." निजाम दत्तोबांकडे वळला. "बापापासनं ताबूत घडवतोय साहेब. गावानं कंदी बोट दावलं न्हवतं."

सोपानला त्याची दया आली आणि स्वतःचा रागही आला. डोळ्यांपुढे सगळं होतं, पण टाचणार कुठून?

शेवटी सरुबाई. ती दारातच उभी राहिली. "म्या झाडलं अन् केर उकिरड्यावर टाकला. वर बघितलं बी न्हाई."

दत्तोबा उठून उकिरड्यावर गेले आणि मूठ भरून आले. मुठीत भाताची फोलं होती. "मावशी, नवा भात घरी आला की तुमच्याकडे आधी काय करता?"

सरुबाई पदराशी चाळा करू लागली. "पयली लोंबी दाराला बांधतो. पाखरांचा वाटा. त्यांनी टिपल्याबिगर आमी घास घेत न्हाई."

"भिमाजी आबांना बोलवा," दत्तोबा म्हणाले.

सगळे मोठ्या खोलीत जमले. भिमाजी आबा काठीवर हनुवटी टेकून बसले.

"माणूस चोरी करतो तेव्हा दोरा तोडतो, लोंब्या नेतो," दत्तोबांनी सुरुवात केली. "इथं दाणा तेवढा गेला आणि फोल खाली पडलं. ही चोच आहे, हात नव्हे. तोरण का वाचलं? कुसळ टोचतं, म्हणून पाखरांनी ते सोडलं. आणि सोपान, तुझा तो टिळा ओला करून बघ."

सोपानने बोट लावलं, हुंगलं आणि धोतराला पुसलं. "अरे देवा! चिमणीची शीट!"

"पण चिमण्या आल्या कुठून?" अंबाजीराव म्हणाले. "झरोका तर बंद आहे!"

"आज बंद आहे. दोन दिवस खोली बंद असती तर सरसाचा वास इथं कोंडून राहिला असता. तो गेला, म्हणजे झरोका उघडा होता. शनिवारी सगळ्यांत शेवटी इथं कोण होतं? निजाम गेल्यावर कुलूप कुणी घातलं? आणि वासानं डोकं कुणाचं उठलं?"

अंबाजीरावांचा चेहरा पडला. "दोरी... मीच ओढली. वास जावा म्हणून. पण चोर काही झरोक्यातून येत नाही, म्हणून मी त्याचा विचारच केला नाही."

"पुण्याचं माणूस!" भिमाजी आबा म्हणाले. "भाताच्या दिसांत झरोका उघडा टाकणं म्हंजे पाखरांना जेवणाचं आवतण. हे मावळात शेंबडं पोर बी सांगंल."

"काल रविवार, शाळा रिकामी. दिवसभर पंगत चालली," दत्तोबा म्हणाले. "पण फोलं उचलली, झरोका लावला, तो आज सकाळी. कुणी, मावशी?"

सरुबाई रडू लागली. "रोज झरोका मीच उघडते. मला वाटलं, माझ्याच हातनं उघडा ऱ्हायला. नोकरी जाईल म्हणून पाखरं हाकलली, झाडून घेतलं. मग सायेब निजामभाऊवर वरडले अन् माझी वाचाच बसली. भाऊ, म्या पाप केलं."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती ही अशी. इथं तर चोरही नव्हता.

अंबाजीराव निजामजवळ गेले आणि हळूच म्हणाले, "माफ करा, चुकलं माझं."

निजामने मान वर केली. "साहेब, चोर म्हणताना तुमचा आवाज पार अंगणातल्या वडापातुर गेलता. आता येवढा बारीक कसा झाला?"

अंबाजीरावांनी घाम पुसला, ते पायरीवर गेले आणि वडाखाली जमलेल्या गावाला ओरडून म्हणाले, "निजाम चोर नाही! झरोका मी उघडा टाकला, मोर चिमण्यांनी खाल्ला! मी निजामवर खोटा आळ घेतला!"

"ऐकलं का रं समद्यांनी?" आबांनी मागून काठी आपटली. "पाखरांनी आपला वाटा घेतला, नवं पीक देवाला पावलं! ताबूत निजामचाच."

निजाम ढसाढसा रडला. मग डोळे पुसून त्याने तोरण उतरवलं. "ह्याचा पिसारा करू. अजून कुसळाचा भात लागंल. शिंपीदादा, धरा दोरा."

दिवेलागणीला काळसर कुसळांचा पिसारा मोरावर असा ताठ उभा राहिला की हौशीरामही गाल फुगवायचे विसरले. आज पहिल्यांदा सोपानला एक प्रश्न वेळेवर सुचला. "आता पाखरं काय खाणार?"

अंबाजीरावांनी बिनकुसळाच्या लोंब्यांची एक जुडी मागून घेतली आणि ती झरोक्याबाहेर बांधायला ते शिडीवर चढले. गाठ काही बसेना.

"सावकाश बांधा, साहेब," निजाम खालून म्हणाला. शिडी त्यानेच धरली होती.