थांबवलेला सण

योएन्सू शहरातून सुटलेल्या बसमधून ताइमी तळ्याच्या फाट्यावर उतरली तेव्हा दुपारच होती, पण उजेड आवराआवर करायला लागला होता. नोव्हेंबर अर्धा सरला की तिकडे दिवस म्हणजे नुसता देखावा. हातात दालचिनीच्या पावांची पिशवी, आणि डोक्यात एकच काम: मामाच्या जुन्या संगणकावर बसायचं, त्याच्या खेळातले सगळे सण काढून टाकायचे आणि नवी आवृत्ती जगाला देऊन मोकळं व्हायचं.

खेळाचं नाव ‘कैरा’. रोगलाइक जातीचा. काळा पडदा आणि त्यावर अक्षरं, बस. एक अक्षर म्हणजे तुम्ही, बाकीची म्हणजे तुमच्या जिवावर उठलेलं जंगल. दर वेळी जंगल नवं, आणि मेलात की मेलात, माघार नाही. बाहेर खरा सण असला की त्या दिवशी खेळातही सण, आणि जंगलाचे नियमही वेगळे. रायमोमामाने अर्धं आयुष्य त्यात घातलं, आणि गेल्या वसंतात तो गेला. जाण्याआधी खेळ भाचीच्या हवाली करून गेला.

“आलीस? सणांची सुपारी घेतलेली बाई ती तूच ना?” हेल्मीमामीने दार उघडत विचारलं. खुब्याच्या ऑपरेशननंतर ती काठीवर चालत होती, पण जीभ पहिल्यासारखीच तुरुतुरु.

“मामी, टोमणे नंतर. आधी कॉफी.”

कॉफी झाली आणि वादही झाला. व्हायचाच होता.

“एखादा माणूस आठवडेच्या आठवडे जीव मुठीत धरून खेळतो,” ताइमी म्हणाली, “आणि मरतो का? तर बाहेरच्या जगात त्या दिवशी कुठलातरी सण होता म्हणून! हा काय न्याय झाला? फासा प्रतिकूल पडला तर पडला, माझी चूक झाली तर झाली. पण भिंतीवरच्या कॅलेंडरने मला का मारावं?”

“खऱ्या जगात काय वेगळं होतं गं?”

“म्हणूनच तर! खऱ्या जगात न्याय नाही, निदान खेळात तरी असू दे.”

मामी कपातल्या गाळाकडे बघत राहिली. “तुझा मामा म्हणायचा, जंगलात राहणाऱ्याला सण ठाऊक हवेत. नाहीतर पाहुणे कधी येतात ते कळत नाही, आणि कधी जातात तेही.”

पाहुणे म्हणजे केक्रीचे. केक्री हा पिकं घरात आल्यावरचा जुना सण. त्या संध्याकाळी आधी घरच्यांनी सौनात, म्हणजे तापल्या दगडांच्या वाफेच्या न्हाणीघरात, न्हाऊन घ्यायचं, मग निखारे जागते ठेवायचे, गरम पाणी, बर्चच्या डहाळ्यांची जुडी मांडायची आणि मुकाट्याने घरात यायचं. नंतरची अंघोळ मेलेल्यांची. सकाळी त्यांना निरोप द्यायचा. मामाने हे जसंच्या तसं खेळात घातलं होतं. त्या एका दिवशी, त्या संगणकावर मेलेले सगळे वीर खेळातल्या गावच्या सौनात जमायचे. तारीख पालटली की जायचे.

“या वर्षी केक्रीला मी दवाखान्यात होते,” मामी हळूच म्हणाली. “तुझा मामा गेला त्या आठवड्यात तो शेवटचा डाव खेळला होता. वीराला स्वतःचंच नाव दिलं होतं, कधी नव्हे ते. तोही आला असेल. मी नव्हते. काढून टाकण्याआधी... एकदा दाखव ना.”

बटण दाबून आणलेला सण हा कसला सण, असं ताइमीच्या ओठांवर आलं होतं. पण मामीच्या चेहऱ्याकडे बघून तिने ते गिळलं. मामाच्या खोलीत जाऊन तिने संगणकाची तारीख केक्रीवर मागे नेली, आणि घड्याळ तिथेच गोठवून ठेवलं. तपासणी करताना तारीख हातातून निसटू नये म्हणून तिच्यासारख्या प्रोग्रॅमरांच्या धंद्यात सगळेच असं करतात. मामी खांद्यावरून बघत होती.

पडद्यावर जंगलातून करडी अक्षरं निघाली. एक, मग दुसरं, मग झुंडच. सौनाच्या चौकोनात ती एकमेकांना खेटून बसली. सगळ्यात शेवटी एक आलं. ताइमीने त्याच्यावर खूण नेली तशी खाली ओळ उमटली: रायमो. पाहुणा.

मामीने पडद्याला बोट लावलं. थोड्या वेळाने तिची काठी जिन्यावरून उतरत गेली.

ताइमी कामाला लागली. सणांची फाइल काढून टाकली, कोडमध्ये तिला जिथे जिथे बोलावलं जात होतं त्या जागा पुसल्या, खेळ नव्याने बांधला आणि सुरू केला. गाव दिसलं. सौना दिसली.

सौनात अक्षरं बसलेली होती.

तिने पुटपुटत पुन्हा कोड चाळला. पाहुणा हा शब्दच आता कुठे नव्हता. पुन्हा बांधलं, पुन्हा सुरू केलं. अक्षरं तिथेच. फक्त आता ती भिंतीला टेकून नव्हती. सगळी दाराशी आली होती.

खुर्चीत बसवेना. ती उठली, बसली, परत उठली. तेव्हा तिला वास आला. बर्चच्या धुराचा, आणि त्याखाली डांबरासारखा, जुन्या ओल्या लाकडाचा. खिडकीबाहेर पार काळोख झाला होता. तळ्याकाठच्या घरच्या, खऱ्या सौनाच्या धुराड्यातून पांढरा धूर सरळ वर चढत होता.

“मामी?” घर गप्प होतं.

ती तशीच खाली धावली. बर्फ पातळ होतं, पायाखाली करकरत होतं. सौनाच्या ओट्यावर, बाकावर मामी कोट पांघरून बसली होती. काठी बाजूला. बिनखिडकीच्या दाराच्या फटीतून तांबूस उजेड येत होता.

“श्श... आत जाऊ नकोस. आपली वेळ सरली. आता त्यांची आहे.”

“कुणाची? मामी, शेजारचं कुणी आलंय का?”

आतून आवाज आला. ओगराळं बादलीत बुडाल्याचा. मग तापल्या दगडांवर पाणी पडलं... चर्रर्र. थोडं थांबून पुन्हा. मग अगदी थोडंसं, तिसऱ्यांदा.

“ऐकलंस?” मामीचे डोळे चमकत होते. “पहिली दोन भरून, तिसरं नावाला. आयुष्यभर मी सांगत आले, अर्ध्या ओगराळ्याने काय होतं रे? ऐकेल तर शपथ.”

आत बाकांची लाकडं कुरकुरत होती. ती सौना तिघांची. कुरकुर तिघांची नव्हती.

“मामी... सकाळी जातात ना ते?”

“सकाळ झाली तर.” मामीने तिचा हात धरला. “तू तारीख थांबवलीस. मी बघितलं. बरं केलंस, पोरी. आता हात लावू नकोस तिला. इतकंच मागणं माझं. मला काही नको, बोलणं नको, दिसणं नको. मी इथे बसेन आणि पाणी ऐकेन.”

मामीचा हात बर्फासारखा होता. दाराशी इतकी ऊब असूनही तिच्या पापण्यांवर दव गोठलं होतं. किती वेळ बसली होती ही? आणि किती वेळ बसणार होती?

आत सगळं एकदम थांबलं.

“ताइमी...” दारापलीकडून आवाज आला. मामाचाच, पण खूप चालून दमल्यासारखा. “ताइमी आहे ना? आज... तारीख काय गं?”

मामीने ताइमीच्या तोंडावर हात दाबला. “सांगू नकोस.”

“तारीख सांग, पोरी... फार गरम होतंय आता.” आणि त्याच्या मागून कुजबुज उठली, परक्या गळ्यांची, दाटीवाटीने उभ्या असलेल्या माणसांची: तारीख... तारीख काय...

ज्या मुलीला कॅलेंडरने माणूस मारलेला खपत नव्हता, तिनेच कॅलेंडर अडवून एवढी माणसं कोंडली होती. तिला रडू आलं, स्वतःचा संताप आला. तिने मामीचा हात बाजूला केला.

“चौदा नोव्हेंबर!” ती ओरडली. “केक्री होऊन गेली, मामा! सकाळ झाली!”

दार उघडलं. वाफेचा लोट दोघींच्या अंगावरून गेला. कुणी दिसलं नाही. ओट्यावरून, पायऱ्यांवरून, बर्फावरून अनवाणी पावलं उमटत गेली, पुष्कळ पावलं, एकमेकांत मिसळलेली, तळ्याकडे. पाण्यावर काठाशी बर्फाची पातळ साय धरली होती. ती फुटल्याचा आवाज मात्र आला नाही.

मामी तळ्याकडे गेलेल्या पावलांकडे बघत राहिली. मग म्हणाली, “मला विचारलंसुद्धा नाहीस.”

“तो विचारत होता, मामी.”

“हं.” तिने काठी शोधली. “दार तरी लाव आता. ऊब वाया जाते.”

ताइमीने वर जाऊन घड्याळ सोडलं. खेळातली सौना रिकामी झाली होती. तिने पुसलेली फाइल शब्दन्‌शब्द परत घातली. येणाऱ्याला दिवस हवा असेल तर जाणाऱ्यालाही हवाच, आणि तो काढून घेणारी ती कोण? नवी आवृत्ती सणांसकट बाहेर पडली. सण काढा म्हणणारे, तिच्याच बाजूचे खेळाडू तिच्यावर तुटून पडले. पडू देत, म्हणाली.

पुढची केक्री आली आणि जगभरातून पत्रं आली. बहुतेकांना सण आवडला होता. विशेषतः सौनातल्या पाहुण्याने थांबून तारीख विचारणं.

ताइमीने कोड शोधला. पाहुणे येतात, बसतात, जातात. विचारण्याची ओळ मामाने लिहिलेली नव्हती, तिनेही नाही.

पोर्तोहून एका बाईचं पत्र सगळ्यांत लहान होतं. ‘मी गंमत म्हणून चुकीची तारीख सांगितली. त्यानंतर माझ्याकडे उजाडलेलं नाही. खरी तारीख कोणती, ते कळवाल का?’