सहा नंबरचा भाऊ

रत्नागिरीतलं ते इस्पितळ कोणतं, हे विचारू नये. उद्या कुणाला तिथंच जायची वेळ आली तर जिना चढताना पाय अडखळायचे. एवढं समजा की दुसऱ्या मजल्यावर हृदयाच्या आणि छातीच्या रोग्यांसाठी आठ खाटांचा अतिदक्षता विभाग आहे, आणि चैत्रातल्या एका दुपारी पावणेचारला हरिश्चंद्र त्याच्या दाराबाहेर औषधांची पिशवी घेऊन उभा होता.

हरिश्चंद्र राजापूरच्या आतल्या अंगाच्या एका वाडीतला. वय साठीला टेकलेलं. देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराण्याचा. कुणाची म्हैस हरवो, कुणाचं लग्न अडो, गावाच्या वतीनं देवाशी बोलायचं ते ह्यानं. वाक्यागणिक मागच्या मंडळींनी 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ द्यायची. साथ मिळाली की देवानं ऐकलं, आणि ऐकलं की देव शब्द जसाच्या तसा उचलतो. ह्याच्या आजोबांनी म्हणे एकदा घाईत 'पाणी येऊ दे' एवढंच म्हटलं, 'विहिरीत' म्हणायचं राहिलं. तर पाणी देवळाच्या तिसऱ्या पायरीपर्यंत आलं. खरंखोटं अर्जुना नदी जाणे. पण तेव्हापासून त्या घरातला पुरुष गाऱ्हाणं घालताना सोनाराच्या तराजूनं बोलतो.

आत त्याचा पाठचा भाऊ बाबल्या होता. काजूच्या बागेत मोटर बंद करायला गेला आणि छाती धरून बसला. फुप्फुसात पाणी झालं. घशात नळी, नळीला श्वास देणारं मशीन. आज आठवा दिवस. सकाळी डॉक्टर म्हणाले होते, "उद्यापर्यंत तग धरला तर बघू." बाबल्याची बायको दर्शना बाहेरच्या बाकावर बसून होती. पहिल्या दिवशी आत जाऊन चक्कर येऊन पडली, तेव्हापासून भेटीला हरिश्चंद्रच जायचा.

त्या मजल्यावर माणसाला नाव नसतं, नंबर असतो. "सहा नंबरचे नातेवाईक!" अशी हाक आली की हा उठायचा. औषधाच्या दुकानात सहा नंबर, सही करताना सहा नंबर. कॅन्टीनवालाही विचारायचा, "सहा नंबर, चहात साखर किती?" आठ दिवसांत भावाचं नाव त्याच्या जिभेवरून कधी उतरलं, ते त्यालाही कळलं नाही.

चारला दार उघडलं. योगिनी सिस्टर दारात होत्या, त्या विभागातल्या सगळ्यांत जुन्या.

"सिस्टर, आत जरा गाऱ्हाणं घालू काय? नारळ नको, उदबत्ती नको. नुसतं तोंडानं."

"काका, इथं खोकायलासुद्धा हळू सांगतो आम्ही."

"देव काय बहिरा नाय. हळूच घालतो."

त्या हसल्या. "दोन मिनिटं. डॉक्टर राउंडला यायच्या आत आटपा."

बाहेर उन्हानं डांबर पाघळत होतं. आत मात्र दिवस नव्हता, रात्र नव्हती. नुसता पांढरा उजेड, हाडात शिरणारा गारठा, स्पिरिटचा वास आणि त्याच्याखाली दबलेला दुसरा एक वास, ज्याचं नाव कुणी घेत नाही. मशिनं एका लयीत श्वास ओढत होती, सोडत होती. हरिश्चंद्रचे पाय सवयीनं सहा नंबरकडे गेले. पायथ्याशी उभा राहून त्यानं टोपी काढली, हात जोडले, डोळे मिटले. देवापुढे उभा राहिलेला माणूस इकडेतिकडे कशाला बघेल?

"बा देवा म्हाराजा… आज तुजं लेकरू परक्या छपराखाली उभं हाय. ह्या सहा नंबरच्या खाटेवर निजलाय, तो माजा पाठचा भाऊ…"

इथं तो सवयीनं थांबला. थांबल्यावर ध्यानात आलं, साथ द्यायला मागं कुणीच नाही.

आणि साथ आली.

"व्हय… म्हाराजा…"

हलकी, ओलसर. एका बाजूनं नव्हे, चारी बाजूंनी. मशीननं छाती उचलावी आणि खाली सोडताना तिच्यातून शब्द गळावा, तशी. घशात नळी असलेल्या माणसाला बोलता येत नाही, हे त्याला आठ दिवसांत पाठ झालं होतं. पण अर्धवट गाऱ्हाणं सोडणं त्याहून वाईट. त्यानं डोळे घट्ट मिटले.

"माज्या भावाला… उठव. त्याला त्याचा श्वास दे…"

"व्हय… म्हाराजा…"

डोळे उघडले. समोर बाबल्या नव्हता. भरघोस मिशांचा, काळसर, अनोळखी माणूस होता. कपाळावर भस्माचा पुसट पट्टा.

"अहो काका!" योगिनी सिस्टर लगबगीनं आल्या. "तुमचे पेशंट दोन नंबरला. दुपारी माझ्या टेबलाजवळ हलवलं. सांगितलं नाही कुणी? हा बसवराज, विजापूरचा ट्रक ड्रायव्हर. सकाळी हातखंब्याला चहा पिता पिता कोसळला. घरी निरोप गेलाय, पण… ह्याचं काही खरं नाही."

"सिस्टर, आत्ता कोण बोललं?"

"तुम्हीच बोलत होतात की." असं म्हणाल्या खऱ्या, पण दोन्ही दंड चोळत होत्या.

दुसऱ्या दिवशी सहा नंबरची नळी निघाली. डॉक्टर म्हणाले, असं बघितलं नाही. आणि दोन नंबर खचत चालला.

चारला हरिश्चंद्र दोन नंबरपाशी गेला. ह्या वेळी डोळे सताड उघडे ठेवून, भावाचं नाव, बापाचं नाव, वाडीचं नाव घेऊन त्यानं गाऱ्हाणं घातलं. थांबला. मशीननं श्वास सोडला. नुसताच श्वास. पुन्हा घातलं. पुन्हा काही नाही.

मग पाठीमागून घोगरा आवाज आला.

"दादा… तकडं कुनाला हाका मारतोस? मी हकडं हाय."

सहा नंबरचा माणूस उशीवरून त्याच्याकडे बघत होता. चेहरा बसवराजचा. बघणं मात्र… लहानपणी शेजारच्या गोधडीतून बघायचं, ते.

"घाबरू नका काका," सिस्टर म्हणाल्या. "इथं पेशंट असे बरळतात. कानावर पडेल ते बोलतात."

"ह्याला मराठी येतं?"

"ड्रायव्हर लोकांना दहा भाषा येतात."

तो माणूस हळूच म्हणाला, "मोटरच्या खोलीची चावी काजीच्या बेचक्यात ठेवली हाय. दुसऱ्या रांगेतल्या. खाली पडंल म्हनून…"

ती चावी घरची माणसं आठ दिवस शोधत होती. हरिश्चंद्रनं जिन्यात येऊन बायकोला, सगुणाला, फोन लावला. पाच मिनिटांनी तिचा उलट फोन आला. "गावली! तुमाला कसं कळलं वो?"

त्यानं फोन बंद केला आणि जिन्यातच बसला. देवानं शब्द जसाच्या तसा उचलला होता. सहा नंबरच्या खाटेवर तो माझा भाऊ. देवानं तसं करून दिलं. शब्द मागं घेता येतो, नाही असं नाही. पण मागं घेतला तर बाबल्यानं परत जायचं कुठं? त्या विझत चाललेल्या छातीत? आणि न घ्यावा, तर दोन नंबरला मशीनवर आता कोण होतं?

तिसऱ्या दिवशी बसवराजची बायको आली. शांतव्वा. कानडीत बोलत, रडत, हसत तिनं नवऱ्याचे पाय धरले. तो पाय आखडून घेत होता.

"दादा, कोन ही? हिला सांग ना… दर्शनाला हाक मार. भायेर बसली आसंल ती. दादा!"

त्यानं हरिश्चंद्रचं मनगट धरलं. नसेत सुई खुपसलेला परका हात. पकड ओळखीची. काचेच्या दाराबाहेर बाकावर दर्शनाची पाठ दिसत होती. एक हाक पुरली असती.

"काका, हे तुमच्या ओळखीचे आहेत का?" सिस्टरनी विचारलं.

हरिश्चंद्रनं एकेक करून ती बोटं सोडवली. "नाय," तो म्हणाला. "मी ह्यांना वळखत नाय."

बाबल्या जगणार होता. दुसऱ्या नावानं, दुसऱ्या मुलखात, पण जगणार होता. एवढंच त्यानं मनात धरलं. शांतव्वानं नवऱ्याला आपल्या मुलखातल्या इस्पितळात हलवलं; स्ट्रेचर दर्शनाच्या बाकासमोरूनच गेलं. अँब्युलन्स विजापूरला निघाली, तिच्यातून 'दादा' म्हणून हाका येत होत्या. संध्याकाळी दोन नंबरची रेघ सरळ झाली.

दहाव्या दिवशी नदीवर पिंड ठेवला. समोरच्या आंब्यावर ओळीनं कावळे. एक हलेना. "दर्शनाला अंतर देणार नाय," हरिश्चंद्र मोठ्यानं म्हणाला. हलेना. "काजूची बाग तुज्याच नावानं राहील." हलेना. भावकी एकमेकांकडे बघू लागली. भटजी म्हणाले, "काहीतरी मोठं राहिलंय हो मनात." ऊन डोक्यावर आलं.

शेवटी हरिश्चंद्र सगळ्यांना मागं सारून एकटाच पिंडापाशी गेला. वाकून, कुणाला ऐकू जाणार नाही असं पुटपुटला, "बसवराज… तुजा ट्रक मालकानं नेला. बायको सुखरूप घरी पोचली. मला माफ कर बाबा."

शब्द संपायच्या आत कावळे एकदम खाली आले. एक नव्हे, सगळे.

भावकीनं सुटकेचा श्वास टाकला. परतीच्या वाटेवर दर्शना त्याच्या जोडीनं चालत होती. दहा दिवस ती कुणाशी शब्द बोलली नव्हती. डोळे कोरडे. गळ्यातलं मंगळसूत्र तिनं काढू दिलं नव्हतं, आणि बायकांनीही दुःखात आहे म्हणून जोर केला नव्हता.

विजापूरचं नाव घरात कुणी काढलं नव्हतं. त्या माणसाविषयी हरिश्चंद्र सगुणापाशीसुद्धा बोलला नव्हता.

"भावजी," खालच्या मानेनं दर्शनानं विचारलं, "विजापूरची गाडी राजापुरास्नं मिळंल, का रत्नागिरीला जावं लागंल?"