बोगनवेलीला पाणी कोण घालतं?

ताईचा फोन आला तेव्हा मी नर्सरीत पिशव्यांमध्ये माती भरत होते.

"तुझ्या भाऊजींचं झाड मरतंय गं. जरा येऊन जा," ती म्हणाली.

भुताची गोष्ट म्हटली की वारा घोंघावायला हवा, दिवे जायला हवेत, हे मला मान्य आहे. पण ही गोष्ट अशीच सुरू झाली, त्याला मी काय करू? हात धुतले, कात्री पिशवीत टाकली आणि बसने ताईकडे गेले. चांगलं लख्ख ऊन पडलं होतं.

झाड म्हणजे कुंडीतलं बोगनवेलीचं बोनसाय. ताईच्या सासऱ्यांनी, अण्णांनी, ते लहानाचं मोठं केलं होतं. म्हणजे मोठं होऊ दिलं नव्हतं. खोड मनगटाएवढं जाड, उंची जेमतेम हातभर, आणि बहरलं की पान दिसू नये इतकी राणी रंगाची कागदी फुलं. अण्णांनी त्या कुंडीला कधी कुणाला बोट लावू दिलं नाही. भाऊजी पन्नाशीला आले, कचेरीत साहेब झाले, पण घरी ते कुंडीकडे वळले रे वळले की आतल्या खोलीतून आवाज यायचाच, "तू राहू दे. तुला जमायचं नाही."

गेल्या वर्षी अण्णा गेले. झाड भाऊजींच्या हातात आलं आणि आता त्यांच्या डोळ्यांदेखत माना टाकत होतं.

"हे गेलं, तर अण्णांचंच खरं झालं म्हणायचं," भाऊजी म्हणाले. म्हणताना हसले, पण लगेच चष्मा पुसायला लागले. मला फार वाईट वाटलं. बायकोच्या धाकट्या बहिणीसमोर डोळे पुसणं बरं दिसत नाही, म्हणून माणूस चष्मा पुसतो.

मी कामाला लागले. बोगनवेल तहानली तर पानं कुरकुरीत होतात, चुरगाळली की चुरा होतो. ही पानं पिवळी, मऊ, ओल्या फडक्यासारखी लोंबत होती. पाणी कमी पडलं तरी हे झाड मान टाकतं आणि जास्त झालं तरी टाकतं, तिथेच सगळे फसतात. कुंडी उचलून पाहिली, दगडासारखी जड. मातीत बोट खुपसून नाकाशी नेलं. फुलदाणीत विसरलेल्या पाण्याला येतो तसा वास आला.

"पाणी कोण घालतं?" मी विचारलं.

"मी," दोघं एकदम म्हणाले आणि एकमेकांकडे बघत राहिले.

झालं होतं असं, की भाऊजी विसरत असतील म्हणून ताई रोज सकाळी गुपचूप तांब्याभर पाणी घालत होती. आणि ताईला घरच्या कामात कुठे लक्षात राहणार, म्हणून भाऊजी रोज संध्याकाळी गुपचूप तांब्याभर घालत होते. झाड मान टाकायचं, की दोघांचाही तांबा आणखी भरून यायचा.

"अहो, निदान मला सांगायचं तरी!"

"तू सांगितलंस का मला?"

लग्नाला इतकी वर्षं झालेली माणसं, आणि भांडण एका झाडाच्या पाण्यावरून. मी पोट धरून हसले. मग कुजलेली काळी मुळं कापली, विटांचे तुकडे आणि जाड वाळू घालून मोकळी माती भरली, एकदाच पाणी दिलं आणि बजावलं, "मी सांगेपर्यंत थेंब घालायचा नाही. दोघांनीही."

चार दिवसांनी गेले. कुंडी जड होती. माती ओलीचिंब.

"मी नाही हं," ताई म्हणाली.

"मग मी काय?" भाऊजी उखडले. "शपथ घेऊन सांगतो."

मुलांना खोटं बोलू नका म्हणून सांगणारी ही माणसं! मी विटेची लाल भुकटी मातीवर अलगद चाळून पसरली. वरून कितीही जपून पाणी घातलं तरी भुकटीत खळगे पडणार आणि चोर सापडणार. "उद्या येते. मग बघते एकेकाकडे," असं डोळे वटारून सांगितलं. दोघांनाही त्याची गंमत वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचले तेव्हा ताई दारातच म्हणाली, "चोर काही सापडत नाही बघ. भुकटी आहे तशी आहे."

भुकटी खरंच आहे तशी होती. एक खळगा नाही, एक ओहोळ नाही. फक्त तिचा रंग गडद झाला होता. मी बोट टेकवलं. ती ओली होती. खालची माती तर निथळत होती. मी कुंडी फिरवून पाहिली. बाहेरून, काठाच्या बोटभर खाली, पाण्याची एक सरळ रेघ चारी बाजूंनी फिरली होती.

"पाणी वरून घातलेलंच नाही," मी म्हणाले. "खालून आलंय. कुणीतरी आख्खी कुंडी पाण्यात बुडवतंय."

ताईचा हात तोंडाशी गेला. भाऊजींनी वाकून त्या रेघेवरून बोट फिरवलं.

"अण्णा..." ते म्हणाले. "अण्णा असंच पाणी द्यायचे. मागच्या मोरीत, पत्र्याच्या टबात कुंडी बुडवायची आणि पाटावर बसून बुडबुडे थांबेपर्यंत बघत राहायचं. त्यांच्यानंतर... त्या टबाला आमच्यापैकी कुणी हातही लावलेला नाही."

टब मोरीतल्या खिळ्यावर उलटा टांगलेला होता. मी त्याच्या आत हात फिरवला. हात ओला झाला.

तुम्ही म्हणाल, तेव्हाच पिशवी उचलून घरी का नाही आलीस? खरं सांगते, आले असते. पण भाऊजींचा चेहरा बघवत नव्हता. आम्ही तिघं स्वयंपाकघरात चहा घेऊन बसलो. बाहेर कुणाचा तरी रेडिओ चालला होता, तोही बंद झाला. चहा निवला. खिडकीत ऊन होतं, तरी फरशी पायाला गार लागायला लागली. मग ओल्या मातीचा वास आला, आणि त्याच्या मागून अण्णांच्या दाढीच्या साबणाचा. ताईने माझं मनगट धरलं.

मागच्या मोरीतून आवाज यायला लागला.

बुड... बुड... बुडबुड...

"नळ...?" मी कुजबुजले.

ताईने मान हलवली. "दुपारी पाणी नसतं आमच्याकडे."

आम्ही एकमेकांना धरून, ढकलत, मोरीच्या दारापर्यंत गेलो. टब खाली जमिनीवर होता, काठोकाठ भरलेला. आत बोगनवेल बसली होती आणि मातीतून बारीक बुडबुडे वर येत होते. मोरीत कुणी नव्हतं. टबाशेजारी, भिंतीकडचा लहान पाट मात्र मांडलेला होता.

भीती मलाही वाटली. पण मला एक खोड आहे. झाडाचे हाल करणारा दिसला की माझ्याने गप्प बसवत नाही, मग तो जिवंत असो नाही तर कसाही. मी पाटाकडे बघून म्हणाले, "अण्णा, जरा ऐका... मुळं कुजलीत त्याची. हे दोघं रोज घालत होते, आणि वरून तुम्ही. तुम्हालाही वाटलं ना, की कुणी लक्षच देत नाही म्हणून? सगळ्यांनी मिळून जीव घेताय त्याचा."

बुडबुडे थांबले. सगळे, एकदम.

भाऊजी पुढे झाले. "अण्णा... मी बघतो आता. मला द्या ते. मला जमेल."

भाऊजींनी पाण्यात हात घालून कुंडी बाहेर काढली. साबणाचा वास हळूहळू गेला आणि फरशी पुन्हा कोमट झाली. रेडिओही लागला. ताई तिथेच जमिनीवर बसली आणि रडता रडता म्हणाली, "चहा परत ठेवते." आम्ही हसलो. काय करणार, हसूच आलं.

त्यानंतर कुंडी कोरडी पडू लागली. भाऊजी रोज मातीत लाकडी काडी खुपसून बघायचे आणि मला फोनवर सांगायचे, "अजून ओली आहे." कचेरीतूनसुद्धा ताईला काडी बघायला लावायचे. असेच काही दिवस गेले. खोडावर लालसर कोंब फुटले आणि एका रविवारी त्यांचा फोन आला, "काडी कोरडी! आज पाणी. तू यायचंस."

भाऊजींनी टब भरला, पाटावर बसले आणि दोन्ही हातांनी कुंडी पाण्यात धरली. ताई दारात उभी, मी टॉवेल घेऊन बाजूला. बुडबुडे आले, विरळ झाले, थांबले. भाऊजी उचलायला गेले आणि तसेच थबकले.

"काय झालं?" ताईने विचारलं.

"येत नाहीये..." ते अगदी हळू म्हणाले. "कुणीतरी... खाली धरलंय."

त्यांच्या मनगटाच्या शिरा ताठ झालेल्या मला दिसत होत्या. आम्ही श्वास रोखून पाहत राहिलो. बऱ्याच वेळाने मुळांच्या तळातून एक मोठा बुडबुडा सावकाश वर आला आणि फुटला. त्याबरोबर कुंडी अलगद हातात आली.

"घाई केली मी," भाऊजी म्हणाले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसू होतं. या वेळी त्यांनी चष्मा पुसला नाही. "बघितलंस? शिकवलं त्यांनी. मला शिकवलं!"

ते कुंडी ठेवायला वळले तेव्हा त्यांच्या पाठीवर, शर्टावर, ओल्या पंजाचा ठसा होता. शाबासकी देताना उमटावा तसा, पाच बोटं स्वच्छ. त्यांचे दोन्ही हात कुंडीला होते. ताई दारातून हलली नव्हती आणि माझे हात कोरडे होते.

बोगनवेल आता अशी बहरली आहे की जिन्यावरून जाणारे थांबून बघतात. भाऊजी सगळ्यांना पाणी देण्यावर व्याख्यान देतात आणि आम्ही त्यांना "प्राध्यापक" म्हणून चिडवतो. घर आनंदात आहे, ते मी खोटं कशाला सांगू?

फक्त तो शर्ट. ताईने धुतला, उन्हात घातला, इस्त्री फिरवली. बाकी शर्ट खडखडीत वाळतो, तेवढा पंजा ओला राहतो. आमचं त्यावरही हसून झालं. पण काल तिचा फोन आला, तेव्हा ती दार लावून घेतल्यासारखी हळू बोलत होती. म्हणाली, ठसा आता पाठीवर नाही. खांद्यावर आलाय, आणि बोटं पुढे वळली आहेत... घट्ट धरल्यासारखी.