पडद्यामागची वायर

मंचरच्या दुकानात अश्विनीने वडलांच्या स्पीकरसाठी वायर घ्यायला हात पुढे केला, तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "ती घेऊ नका... काचेची म्हणून महाग आहे, गाणं तसंच वाजणार."

तिने वळून पाहिलं. भुरभुर पावसात केस भिजलेला एक पोरगा उभा होता. न विचारता शिकवायला येणाऱ्यांचा तिला भारी राग. पण याचे डोळे शिकवत नव्हते, हसत होते. "वाजवून दाखवाल का?" असं ती म्हणून गेली, आणि मग तिचेच कान तापले.

अशा रीतीने घोडेगावचा ऋषी अवसरी बुद्रुकला अश्विनीच्या घरात आला. तो कंपनीचं काम घरूनच करायचा आणि उरलेल्या वेळात कॉम्प्युटरवर गाणी ऐकायचा. अश्विनीच्या वडलांना, रामनाथआप्पांना, तेच वेड. आप्पा भजनी मंडळाचे पखवाजवाले. कुणाचा सूर जरासा हलला की त्यांची भुवई वर जायची. त्यांच्या कानाला सगळं गाव मानायचं, आणि सगळं गाव मानतं हे आप्पांनाही चांगलं ठाऊक होतं.

ऋषीने कॉम्प्युटरमधल्या आकड्यांचं गाणं करून स्पीकरला देणारी एक डबी आणून बसवली. आता कॉम्प्युटरपासून त्या डबीपर्यंत गाणं न्यायचं कशातून, एवढाच प्रश्न होता. ब्लूटूथ पहिल्याच दिवशी बाद झालं. त्यात गाणं आक्रसायचं आणि आई मधून गेली की तुटायचं. उरल्या दोन वायरी, यूएसबी आणि ऑप्टिकल. त्यातली कुठली बरी ते तपासायला ऋषी दर रविवारी येऊ लागला.

यूएसबीतून गाण्याबरोबर कॉम्प्युटरच्या विजेचा कचराही येतो, अर्थिंग नीट नसेल तर स्पीकर घरघरतो. ऑप्टिकलमधून नुसता उजेड जातो, म्हणून घरघर येत नाही, असं त्याने तिला समजावलं.

"मग ऑप्टिकलच चांगली की."

"तुमच्या घरात घरघर हाय कुठं? इथं दोन्ही सारख्याच."

"सारख्याच... मग दर रविवारी तपासतोस काय?"

ऋषीने हातातली वायर गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. त्या दिवशी चहा देताना तिचा हात कपावर जरा जास्तच रेंगाळला, आणि त्यानेही कप घ्यायची घाई केली नाही.

घरी लग्नाचं बोलायचं त्यांनी ठरवलं, आणि नेमकी तेव्हाच माशी शिंकली. आप्पांनी दुकानातली ती काचेची महाग ऑप्टिकल वायर आणलीच. सगळ्या मंडळाला बोलावून, बघा कसं गोड वाजतंय, असं ते कौतुकाने सांगू लागले. ऋषीला चुकीचं बोलणं ऐकून गप्प बसता येत नाही. तो म्हणाला, "आप्पा, हे कानाचं न्हाई. तुमच्या मनाचं हाय."

आप्पा शांतपणे म्हणाले, "येत्या रविवारी परीक्षा घ्या माझी. कुठली वायर लावलीय ते मी वळखलं, तर तू पुन्यांदा ह्या घरात यायचं न्हाई."

आणि नाही ओळखलं तर? तसं कुणी विचारलं नाही. अश्विनीला विचारायची गरजच नव्हती. चारचौघांत ज्याने खाली बघायला लावलं, त्याला आप्पा पोरगी कशाला देतील? आप्पा जिंकोत की हरोत, तिचा ऋषी जाणारच होता. तो आठवडा तिला अन्न गोड लागलं नाही.

रविवारी पंच म्हणून आप्पांचे जुने सोबती गेणभाऊ आले. कॉम्प्युटरसमोर चादर बांधली. तिच्यामागे दोन वायरी घेऊन अश्विनी बसली. गेल्या वर्षी ओझरला रेकॉर्ड केलेलं मंडळाचं भजन तीनदा लावायचं, दर वेळी वायर तिच्या मर्जीची, आणि आप्पांनी ओळखायचं. चादरीच्या फटीतून तिला ऋषी दिसत होता. त्याच्या चहावर साय धरली होती.

भजन सुरू झालं. आप्पांनी डोळे मिटले.

"यूएसबी."

दुसऱ्यांदा तिचा हात वायरीकडे गेला... आणि तिथेच थांबला. भजन पुन्हा सुरू झालं.

"ही काचेची. पखवाज बघा कसा मोकळा झाला."

तिसऱ्यांदा ते म्हणाले, "परत यूएसबी."

गेणभाऊंनी विचारलं, "बोल पोरी, बरोबर का?"

तिने फटीतून पाहिलं. ऋषीने तिच्याकडे बघत हळूच मान हलवली... हो म्हण. चुकीचं ऐकून गप्प न बसणारा तो, आप्पांची मान खाली जाऊ नये म्हणून या घरातून, तिच्यापासून कायमचा जायला तयार झाला होता. तिला त्याचा रागही आला, आणि त्याच्यावरचं प्रेमही दाटून आलं. बरोबर, एवढंच तर म्हणायचं होतं.

तिने चादर बाजूला केली. "आप्पा, मी वायर बदललीच न्हाई. तिन्ही येळंला यूएसबीच व्हती."

गेणभाऊ जमिनीकडे बघू लागले. आप्पांचा चेहरा लाल झाला. "का?"

"हातच उठंना. तुमी जिंकला तर ह्यो जाणार, हरला तरी जाणार." तिने ऋषीकडे बोट केलं. "मला ह्याच्याशीच लगीन करायचंय, आप्पा."

मग आप्पा ऋषीकडे वळले. "तू एवढा जाणकार. वायर बदलली न्हाई, हे तुला कळलं व्हतं?"

ऋषी उठून उभा राहिला. "न्हाई आप्पा. मी ऐकतच नव्हतो. मी चादरीकडं बघत व्हतो."

गेणभाऊंना खोकला आला. आप्पा हसले नाहीत. "मघाशी तिला मान हलवून खोटं बोलाया सांगत व्हतास. पाह्यलं मी. माझ्यासाठी?"

ऋषीने खाली बघत मान डोलावली.

आप्पा उठले, चादरीची गाठ सोडली आणि ती घडी करत बसले. घडी नीट जमेना. "दुसऱ्या येळंला पखवाज मोकळा वाजला व्हता," ते हट्टाने म्हणाले.

"वाजला व्हता आप्पा. हात तुमचाच हाय त्यो."

आप्पांच्या मिशीखाली काहीतरी हललं. "आई-वडलांना घिऊन ये. आन वायर कुठली ठिवायची ते हिलाच इचार, खरं बोलायला हीच घाबरली न्हाई." मग गेणभाऊंना घेऊन ते अंगणात गेले.

ऋषी कॉम्प्युटरपाशी येऊन बसला. दोन्ही वायरी त्याच्या हातात होत्या. "कुठली लावू?" त्याने विचारलं.

अश्विनी त्याच्या शेजारी टेकली. "कुठलीबी... पण सावकाश लाव."