दुपारच्या चुका

गंगेवरच्या पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांखाली मल्लाहांना, तिथल्या नावाड्यांना, वेणीमाधवशास्त्र्यांचा देह सापडला. जन्मभर रचलेला शब्दकोश कॉम्प्युटरवर उतरवताना आपल्याच हातून रोज भलती अक्षरं पडतात, हे म्हाताऱ्याला सोसलं नाही, असं सगळे म्हणाले.

नातीला, ऋताला, ते पटेना. ती कॉम्प्युटर शिकवायची. तेरावं झाल्यावर, भर दुपारी, तिने आजोबांचं मशीन सुरू केलं. कोशाची फाइल उघडली. एक शब्द बिघडलेला दिसला. बंद करून पुन्हा उघडली. तो शब्द आता बरोबर होता, खालचा बिघडला होता.

बोटांची चूक अशी जागा बदलत नाही. तिने मशीन खोललं.

संध्याकाळी आजोबांचा शिष्य देवदत्त आला. कोशावर आता त्याचंच नाव छापलं जाणार होतं. ऋताची आई कालिंदी दाराशी बसली होती.

"देवदत्तकाका, मेमरीची ही पट्टी कोणी बसवली?" ऋताने उघड्या, चालू मशीनकडे बोट दाखवत विचारलं.

"मीच. उन्हाळ्याआधी. का गं?"

"तुम्ही टाइप कधी करायचात?"

"पहाटे."

"आणि आजोबा?"

"दुपारी."

"ही वाटणी कोणी केली?"

देवदत्त हसला. "बेटा, त्यांचं दिमाग फिरलं होतं. आईलाच विचार."

कालिंदीने मान खाली घातली. सासऱ्यांना चारचौघांत भ्रमिष्ट तीच म्हणाली होती.

"पट्टीवर एक बारीक चिप असते," ऋता म्हणाली. "पट्टी किती वेगाने चालवायची, ते मशीन तिच्यात वाचतं. स्टिकरवर वेग सहासष्ट आहे, चिप सांगते शंभर, म्हणजे पट्टीला झेपेल त्याहून जास्त. कोणीतरी प्रोग्राम वापरून आकडे बदललेत. पहाटेच्या गारव्यात पट्टी तग धरते. दुपारी तापली की अक्षरं बिघडतात."

"दुकानदाराने फसवलं असेल!"

"फसवणारा दुकानदार आधी स्टिकर बदलतो. गिऱ्हाईक तेच वाचतं. इथे स्टिकरला हातही लागलेला नाही. आकडे बदलणाऱ्याला पट्टी विकायची नव्हती, काका. त्याला चुका हव्या होत्या, आणि त्याही फक्त दुपारी."

देवदत्तचा चेहरा उतरला. मग तो ताठ झाला.

"उभी हयात त्यांच्या पायाशी घालवली. पुस्तकावर माझं नाव कुठे होतं? जा, सांग पुलिसात. दोन आकड्यांसाठी फाशी देतात का बघ. कोश तर माझाच राहील."

"राहील. पण आजोबा रोज दुपारी सगळा कोश उघडून सेव्ह करायचे. तुमची पानंसुद्धा. बिघडलेली अक्षरं तशीच कायम होत गेली. हाताने लिहिलेले कागद टाइप झाल्यावर त्यांनी गंगेत सोडले. कुठलं अक्षर खरं, हे सांगणारा एकच माणूस होता."

देवदत्त मशीनकडे धावला. पानं सरकवत गेला, थांबला, मागे आला.

"हा शब्द... बरोबर आहे ना?"