मळणारा हात

हिंगण्याच्या श्वानपोषण प्रयोगशाळेतल्या वडीयंत्रातून बाहेर पडणारी प्रत्येक वडी बरोबर अकरा ग्रॅमची होती. ज्वारीचं पीठ, वाफवलेला लाल भोपळा, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग, जवसाची पूड आणि अंड्याच्या टरफलाचं वस्त्रगाळ चूर्ण. मीठ नाही, गूळ नाही. कांदा, लसूण आणि मनुका तर कुत्र्याला विषच. पीठ आठ तास आंबवायचं आणि वडी चाळीस अंशांच्या आत वाळवायची. कृतीत कुठेही चूक नव्हती. तरीही या वड्या खाणाऱ्या साठ म्हाताऱ्या कुत्र्यांपैकी एकाचंही मूत्रपिंड तसूभर सुधारलं नव्हतं.

"घरी केलेल्या वड्यांनी चाळीसपैकी एकतीस कुत्री सुधारली," डॉ. यास्मिन तांबोळी म्हणाली, "आणि आपल्या वड्यांनी एकही नाही. मॅडम, घरच्या स्वयंपाकघरात असं काहीतरी आहे, जे आपल्याकडे नाही."

डॉ. अनुराधा खानझोडेने मनगटाकडे पाहिलं. तिथल्या छोट्या पडद्यावर एक आकडा लुकलुकत होता. तिच्या घरी, ढेमशी या तिच्या म्हाताऱ्या कुत्रीच्या गळ्यातला रक्तदर्शक पट्टा दर तासाला तो पाठवायचा. रक्तातलं क्रिएटिनीन चार पूर्णांक सहा; ते जितकं जास्त, तितकी मूत्रपिंडं थकलेली. सकाळी चार पूर्णांक चार होतं.

ही वडी मुळात ढेमशीसाठीच जन्माला आली होती. दोन वर्षांपूर्वी ढेमशी नऊ वर्षांची असताना तिची मूत्रपिंडं थकली. पशुवैद्यांनी सहा महिने सांगितले. अनुराधाने आठवडाभर बसून कृती तयार केली. सकाळी प्रयोगशाळेत निघण्यापूर्वी ती सगळे जिन्नस काट्यावर तोलून ओट्यावर ठेवायची. पुढचं काम पंचफुला करायची. पंचफुला मेश्राम अकरा वर्षं त्या घरात दिवसभर असे. पिल्लाचं पोट ढेमशाच्या फळभाजीसारखं गोल म्हणून ढेमशी हे नावही तिनेच ठेवलं होतं. ती पीठ मळायची, आंबवायची, वड्या थापायची आणि वाळवायची. चार महिन्यांत ढेमशीचं क्रिएटिनीन तीनवरून दीडवर आलं. पशुवैद्यांनी दोनदा तपासून पाहिलं. अनुराधाचा शोधनिबंध गाजला, संस्थेने यंत्र दिलं, यास्मिनसारखी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ दिली. निबंधात वडीचा उल्लेख 'गृहनिर्मित' असा होता. कोणाच्या हातची, हे कोणी विचारलं नाही आणि अनुराधाच्याही मनात आलं नाही.

मग या फेब्रुवारीत मोठी चाचणी सुरू झाली. नियम असा, की घरच्या वड्या कुत्र्याच्या मालकानेच करायच्या. ढेमशीही चाचणीत होती, म्हणून अनुराधा संध्याकाळी घरी आल्यावर स्वतः पीठ मळू लागली. एप्रिलमध्ये आकडा पुन्हा चढायला लागला. मे महिन्यात एका दुपारी काही कागद विसरले म्हणून ती घरी आली, तर पंचफुला स्वयंपाकघरात चटईवर जेवायला बसलेली, ढेमशी तिच्या मांडीला टेकून, आणि पंचफुला आपल्या ताटातल्या भाकरीचा तुकडा तिला भरवत होती.

"मीठ!" अनुराधा ओरडली. "मी इथे तिच्यासाठी मर मर मरते आणि तू तिला मिठाची भाकरी घालतेस?"

"एवढासा तर तुकडा हाय, बाई."

"त्या एवढ्याशा तुकड्यांनीच ती मरायला लागलीय."

पंचफुला ताटावरून उठली. "बाई, अकरा वर्षं देते मी तिले भाकर. अकरा वर्षांत काही नाही झालं, आन् आताच कसं झालं?"

हा प्रश्न एखाद्या विद्यार्थिनीने विचारला असता तर अनुराधाने तिची पाठ थोपटली असती. पंचफुलाला तिने त्याच दिवशी कामावरून काढलं. पंचफुलाने केलेल्या जुन्या वड्यांचा डबा अर्धा भरलेला होता. त्यातही तिने मीठ घातलं असेल, या संशयाने अनुराधाने तो कचऱ्यात रिकामा केला. जूनमध्ये ढेमशीला जंतुसंसर्ग झाला, पंधरा दिवस प्रतिजैविकं द्यावी लागली. त्यानंतर आकडा खाली आलाच नाही.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात यास्मिन कागदांचा गठ्ठा घेऊन अनुराधाच्या खोलीत आली आणि दार लावून घेऊन बसली.

"सापडलं, मॅडम. घरून आलेल्या प्रत्येक वडीत एक जंतू आहे. आपल्या वडीत तो नाही, कारण आपल्या यंत्राला हात नाहीत."

"पीठ आंबवलंय. जंतू असणारच."

"विरजणातला नव्हे. मळणाऱ्याच्या तळहातावरचा. पीठ आंबतं तेव्हा तो त्यात कोट्यवधींनी वाढतो. कुत्र्याच्या आतड्यात जाऊन बसला की तो रक्तातून झिरपणारा युरिया खातो. मूत्रपिंडाचं अर्धं काम तिथेच उरकतो."

अनुराधा पुढे झुकली. "मग तो वेगळा काढू, वाढवू आणि यंत्रात घालू."

"घालून पाहिला. सहा कुत्र्यांना दिला. दोन दिवसांत त्यांच्या शरीराने तो हाकलून लावला. प्रत्येक घरातला जंतू वेगळा आहे, मॅडम. कुत्रा माणसाचा हात चाटतो, माणूस त्याच हाताने त्याला खाजवतो, दोघं एका चटईवर झोपतात. जंतू इकडून तिकडे, तिकडून इकडे होत राहतो आणि वर्षानुवर्षांत त्या दोघांपुरता घडत जातो. कुत्र्याची प्रतिकारशक्ती तेवढ्यालाच आपला मानते. मी त्याला सहवासजंतू म्हणते."

"म्हणजे प्रत्येक कुत्र्याची वडी एकाच हाताची."

"फार तर दोन हातांची. मी मोजमापही बसवलंय. माणसाच्या हातावरचा जंतू आणि कुत्र्याचा जंतू किती जुळतात, ते शंभरांत सांगायचं. सहवासांक. साठाच्या वर असेल तर वडी लागू पडते."

"प्रतिजैविकांनी कुत्र्यातला मेला तर?"

"माणसाच्या हातावर असेल तर पुन्हा रुजतो. साबणाने तो जात नाही. पण आपल्यासारखं जंतुनाशक द्रवाने दिवसातून दहा वेळा हात चोळले, तर महिना-दीड महिन्यात मुळासकट जातो. मग नव्याने घडायला दोन-तीन वर्षं..."

यास्मिन बोलता बोलता थांबली. अनुराधाचे हात टेबलावर होते, पांढरे आणि कोरडे. अठ्ठावीस वर्षं ती प्रयोगशाळेत शिरताना, निघताना आणि घरी कुत्र्याला हात लावल्यावरही त्या द्रवाने हात चोळत आली होती.

"आधी नऊपैकी बाकीची आठ घरं तपासू," अनुराधा म्हणाली. "जिथे घरची वडीही लागू पडली नाही."

त्या आठ घरांत मालकांचा सहवासांक वीसच्या वर गेला नाही. कुठे तो ड्रायव्हरशी जुळला, कुठे सुनेशी, कुठे बाजूच्या इमारतीतल्या चौकीदाराशी. निवृत्त प्राचार्य कोठेकर अहवाल घेऊन तावातावाने प्रयोगशाळेत आले. त्यांचा अंक नऊ होता. त्यांच्या पत्नीचा एक्क्याण्णव.

"बारा वर्षं मी त्याला रोज दोन वेळा फिरायला नेलंय!"

"पट्टा धरून नेलंत ना, काका?" यास्मिनने हळूच विचारलं.

कोठेकरांनी अहवालाची घडी घातली. "ही कुत्र्याला अंथरुणात घेते म्हणून मी बारा वर्षं भांडलो," ते म्हणाले, आणि अहवाल तिथेच ठेवून गेले.

आठ दिवस अनुराधाने स्वतःची तपासणी टाळली. नवव्या दिवशी तिने तळहातावर कापसाचा बोळा फिरवला आणि यास्मिनच्या हातात दिला.

ढेमशीच्या फेब्रुवारीतल्या नोंदीशी ताडल्यावर अंक आला चार.

यास्मिनने विचारलं, "जुन्या वड्या शिल्लक आहेत? पहिल्या वर्षीच्या?"

"फेकल्या. घरी कामाला होती ती बाई करायची त्या. तिला मी काढलं."

"आणि निबंधासाठी ठेवलेले नमुने?"

"निर्जंतुक करून ठेवलेत. नियमच आहे तो."

"मग त्या बाईंना शोधा, मॅडम. आजच. ढेमशीकडे फार तर पंधरा दिवस आहेत."

पंचफुलाचा जुना नंबर बंद होता. ती कुठे राहते हे अनुराधाला अकरा वर्षांत कधी कळलं नव्हतं; कॉलनीतल्या दुसऱ्या एका बाईकडून पत्ता मिळाला. घराला कुलूप होतं. शेजारणीने सांगितलं, ती एका मोठ्या खासगी दवाखान्यात सफाईला लागली आहे. दुपारी जेवणाच्या सुट्टीत अनुराधा दवाखान्याच्या मागच्या फाटकाशी उभी राहिली. निळा गणवेश घातलेली पंचफुला बाहेर आली, तिला पाहून जागीच थबकली.

"पंचफुला, माझी चूक झाली. मिठाने काही झालं नव्हतं. तुझ्या हातची वडीच तिला जगवत होती. चल माझ्याबरोबर."

"ढेमशी हाय अजून?" पंचफुलाने एवढंच विचारलं.

"आहे. पण दोन दिवस उठली नाही."

पंचफुला आत जाऊन सुट्टी सांगून आली. गाडीत बसल्यावर तिने हात मांडीवर ठेवले, तेव्हा अनुराधाला तो वास आला. तो तिच्या चांगल्या ओळखीचा होता. तिने पंचफुलाच्या हातांकडे पाहिलं. ते पांढरे आणि कोरडे होते, बोटांच्या पेरांवर भेगा पडलेल्या. अनुराधाला त्याच क्षणी सगळं कळलं, तरी तिने गाडी थांबवली नाही.

ढेमशी दिवाणखान्यात गादीवर पडून होती. दार उघडताच तिचे कान हलले. मग दोन दिवस न उठलेली कुत्री चार पायांवर उभी राहिली, अडखळत आली आणि पंचफुलाच्या पायांत डोकं खुपसून राहिली. पंचफुला खाली बसली. "काय वं बाई, किती रोडली," असं म्हणत ती तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

यास्मिन तपासणीची पेटी घेऊन आली होती. "पंचफुलाताई, जरा हात दाखवता?"

वीस मिनिटांनी पेटीवर आकडा उमटला. यास्मिनने तपासणी पुन्हा केली. आकडा तोच राहिला. दोन.

"दोन म्हंजे चांगलं का वाईट?" पंचफुलाने विचारलं.

यास्मिनने अनुराधाकडे पाहिलं. अनुराधा ढेमशीकडे पाहत होती, म्हणून यास्मिननेच सांगितलं. हातावर काय होतं, ते वडीत कसं जायचं, ढेमशी त्याच्यावर कशी जगली आणि कशाने ते धुऊन निघालं.

पंचफुलाने तळहात उलटेपालटे करून पाहिले. "दवाखान्यात दर खोलीत शिराच्या आधी ते औषध लावा लागते, निंघाल्यावर लावा लागते. नाही लावलं त सुपरवायझर ओरडते." मग तिने विचारलं, "मी इथून गेली नसती तं?"

"तर ती बरी असती," अनुराधा म्हणाली.

पंचफुला उठून स्वयंपाकघरात गेली. मग म्हणाली, "पीठ काढा."

"आता उपयोग नाही, पंचफुला."

"काढा म्हणते ना."

तिने जिन्नस काट्यावर न तोलता परातीत घेतले आणि मळले. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन वड्या थापल्या, वाळवल्या, ढेमशीला भरवल्या. तीन दिवस तोंडात काही न घेतलेल्या ढेमशीने दोन वड्या खाल्ल्या आणि पंचफुलाची बोटं चाटली. पट्ट्यावरचा आकडा पाच पूर्णांक दोन झाला. पंचफुला रोज दवाखान्यात जाण्यापूर्वी येत राहिली. ढेमशी रोज तिच्याच हातून खात राहिली आणि आकडा रोज वाढत राहिला. अनुराधा दाराशी उभी राहून पाहायची. तिच्या हातून ढेमशीने वडी घेतली नाही. एकदाच घेतली आणि जमिनीवर ठेवून दिली.

नवव्या दिवशी दुपारी बारा वाजता पंचफुलाच्या मांडीवर ढेमशीचा श्वास थांबला. दोघींनी मिळून अंगणात खड्डा खणला.

माती सारखी करून झाल्यावर पंचफुला अंगणातल्या ओट्यावर टेकली. अनुराधाने पाणी आणून दिलं आणि म्हणाली, "सहवासजंतूवर नवा निबंध जातोय. त्यात तुझं नाव घालायचं ठरवलंय मी. माझ्या नावाच्या बरोबरीने."

"माहं नाव कायले?"

"शोध तुझ्या हातामुळे लागला. जगभरची कुत्री जगतील यामुळे."

पंचफुलाने पाणी पिऊन पेला खाली ठेवला. "आन् मले काहून काढलं, ते लिहिता का त्याच्यात?"

अनुराधाने रिकामा पेला उचलून हातात धरला. पंचफुला थोडा वेळ तिच्या तोंडाकडे पाहत थांबली. मग हात झाडून उठली. तिची तीनची पाळी होती.